तुमच्या गाडीचा टायमिंग बेल्ट किती वर्षांचा झाला?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



या वर्षीच्या व्याख्यानमालेत आतापर्यंत योगासनांवर बोलणं झालं, मृत्युपत्रावर झालं, गच्चीतल्या बागेवर झालं. माझं सगळं आयुष्य गाड्यांच्या कामात गेलं, म्हणून समितीनं मला गाडीवर बोलायला सांगितलं. मी विषय दिला ‘टायमिंग बेल्ट’. सचिवसाहेब म्हणाले, “नुसत्या एका पट्ट्यावर अर्धा तास?” म्हटलं, हो, त्यालाही कारण आहे. आणि अर्ध्या तासावर एक मिनिट घेणार नाही. खाली तर्री-पोहे तयार आहेत, ते थंड व्हायला नकोत.

कारण असं. गाडीतल्या बहुतेक वस्तू बिघडण्याआधी सांगतात. ब्रेक शू संपले की आवाज येतो. क्लच गेला की गाडी ओढत नाही. बॅटरी थकली की सकाळी स्टार्टर कण्हतो. टायर तर डोळ्यांनीच दिसतं. टायमिंग बेल्ट मात्र बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. काल संध्याकाळी गाडी मस्त चालली असते आणि आज रस्त्यावर, चालत्या गाडीत, एका क्षणात इंजिन बंद. त्याला विचारपूस करायची तर आपणच, वेळेवर करायला लागते.

हा पट्टा करतो काय?

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो. पिस्टन वर-खाली होतात आणि त्यांच्या जोरावर तो फिरतो. वर, हेडमध्ये, कॅमशाफ्ट असतो. तो वॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. हवा-पेट्रोल आत यायची एक वेळ, धूर बाहेर जायची दुसरी वेळ. पिस्टन कुठं आहे त्यावर वॉल्व्ह कधी उघडायचा ते ठरलेलं असतं. म्हणून खालच्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की वरच्या कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा व्हायला पाहिजे. सव्वा नाही, पाऊण नाही, एकच. म्हणूनच वरच्या पुलीला खालच्या पुलीच्या दुप्पट दात असतात, आणि दोन्हींना जोडणाऱ्या रबरी पट्ट्यालाही आतून दात असतात. हाच टायमिंग बेल्ट.

काकूंना एक गंमत सांगतो. असा दात असलेला पट्टा पहिल्यांदा आला तो मोटारीसाठी नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत सिंगरच्या शिलाई मशीनसाठी तो बनवला गेला. वरची सुई आणि खालची बॉबिन यांचा ताल चुकला तर टाका पडत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. इंजिनातही तसंच आहे. मोठ्या प्रमाणात विकल्या गेलेल्या मोटारीत हा पट्टा आला तो १९६२ मध्ये, जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या गाडीत. त्याआधी लोखंडी चेन असायची. आपल्याकडच्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनी चेनवरच चालल्या. पट्टा चेनपेक्षा हलका, कमी आवाजाचा आणि स्वस्त. त्याला तेल घालावं लागत नाही. म्हणून कंपन्यांना तो आवडला.

आता आकडे बघा. गाडी ताशी ६० च्या वेगानं जाते आणि इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतं असं धरा. म्हणजे एका किलोमीटरला २००० फेरे. ६० हजार किलोमीटर झाले की १२ कोटी फेरे झाले. तितक्या वेळा त्या पट्ट्यानं वॉल्व्हच्या स्प्रिंगांचा जोर झेललेला असतो. रबराची वस्तू आहे, आत काचेच्या धाग्यांचे दोर आहेत, तरी तिलाही मर्यादा आहे.

आपल्या पार्किंगमधल्या गाड्या

सोसायटी झाली तेव्हा आपल्या पार्किंगमध्ये मोजक्या गाड्या होत्या. आठवा. दोन-तीन मारुती ८००, एक सँट्रो, एक इंडिका, बाकी सगळ्या स्कूटर. मारुती ८०० बाजारात आली १९८३ मध्ये. सँट्रो आणि इंडिका दोन्ही १९९८ च्या. या तिन्हींमध्ये टायमिंग बेल्टच होता.

मग काळ बदलला. मारुतीनं ‘के सिरीज’ची इंजिनं आणली, त्यात चेन आहे. स्विफ्ट डिझेलचं १.३ लिटर इंजिन मूळ फियाटचं, त्यातही चेन. त्यामुळं आज पार्किंगमध्ये दोन्ही प्रकार उभे आहेत. आणि नावावरून ओळखायला जाल तर फसाल. आय-टेन घ्या. १.१ लिटरच्या आय-टेनमध्ये बेल्ट, १.२ लिटर कप्पाच्या आय-टेनमध्ये चेन. बाहेरून गाडी तीच. अल्टो ८०० मध्ये बेल्ट, अल्टो के-टेनमध्ये चेन. जुन्या २.५ लिटर डिझेल इनोव्हात बेल्ट, नंतरच्या क्रिस्टाच्या २.४ लिटर डिझेलमध्ये चेन. डस्टरच्या १.५ लिटर डिझेलमध्ये बेल्ट.

म्हणून पहिलं काम घरी गेल्यावर करा. गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा. ते डॅशबोर्डच्या खणात, विम्याच्या कागदांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत अजून तसंच असेल. त्यात देखभालीचा तक्ता असतो. ‘टायमिंग बेल्ट’ अशी ओळ आहे का बघा. पुस्तक हरवलं असेल तर इंजिन नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, एका मिनिटात सांगतात. आणि ज्यांनी आता विजेवर चालणारी गाडी घेतली ते आत्ताच खाली जाऊन पोहे खाऊ शकतात. त्यांच्या गाडीत हा पट्टाच नाही.

किलोमीटर आणि वर्षं

तक्त्यात बहुतेक ठिकाणी दोन आकडे लिहिलेले असतात. एक किलोमीटरचा आणि एक वर्षांचा, आणि पुढं लिहिलेलं असतं, ‘जे आधी होईल ते’. किलोमीटरचा आकडा बऱ्याच गाड्यांसाठी ६० हजार ते १ लाखाच्या दरम्यान असतो. वर्षांचा आकडा बऱ्याचदा चार-पाच वर्षांच्या पुढं कुठंतरी असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तुमच्या पुस्तकातलाच धरायचा, माझा नाही.

आपण सगळे पहिला आकडा बघतो, दुसरा वाचतच नाही. आणि आपल्यासारख्या सोसायटीत दुसराच जास्त महत्त्वाचा आहे. इथं किती घरांत मुलं पुण्या-मुंबईला, बंगलोरला, नाहीतर बाहेरदेशी आहेत? आई-बाबा इथं. गाडी आठवड्यातून दोनदा निघते. एकदा भाजीबाजार, एकदा दवाखाना किंवा देऊळ. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर. दहा वर्षांनी मीटरवर ३० हजार दिसतात आणि आपण कौतुकानं म्हणतो, “गाडी एकदम नवी आहे, चाललीच कुठं?”

गाडी चालली नाही, पण रबर म्हातारं झालं. पावसाळ्यात ठेवलेली जुनी चप्पल काढून बघा, न वापरताही तिचा तळ तडकलेला असतो. आणि आपलं ऊन तर तुम्ही जाणताच. मे महिन्यात, नवतपात, पारा ४५ च्या वर जातो. बाहेर एवढं, तर बोनेटच्या आत काय असेल? इंजिनातलं पाणीच ९० अंशांच्या आसपास असतं. गाडी बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिनाभोवतीची उष्णता थोडा वेळ आणखी वाढते. पट्टा त्या झाकणाच्या आत बसून ते सोसतो. सारखी छोट्या फेरीची गाडी रोज तसं सोसते.

आणखी एक गोष्ट मीटरला दिसत नाही. शाळेच्या फाटकासमोर एसी लावून, इंजिन चालू ठेवून आपण थांबतो. इंजिन जागेवर मिनिटाला ८०० फेरे घेतं म्हटलं तरी तासाला ४८ हजार फेरे झाले. मीटरवर शून्य किलोमीटर. पट्टा तेवढा झिजलाच.

तुटला तर काय होतं?

आपल्याच सोसायटीतल्या एका कुटुंबाच्या परवानगीनं सांगतो. नाव सांगत नाही. अकरा वर्षांची पेट्रोल गाडी, मीटरवर ३४ हजार. सर्व्हिसिंगच्या वेळी पट्ट्याचा विषय निघाला होता. तेव्हा गॅरेजवाल्यानं सांगितलं, “काका, चौतीस हजारच चालली ना जी. अजून लय चालते. काहून खर्चात पडता?” काकांनाही ते पटलं. कोणालाही पटेल.

मे महिन्यात मुलगा-सून आणि नातू पुण्याहून आले. शेगावला दर्शनाला जायचं ठरलं. पाच जण, डिकीत सामान, एसी फुल. वर्षभर ताशी चाळीसनं फिरणारी गाडी अमरावती रोडला नव्वद-शंभरनं निघाली. कोंढाळीच्या पुढं, ओव्हरटेक करताना, इंजिन बंद पडलं. आवाज काही मोठा झाला नाही. एक फट्ट आणि मग शांतता. स्टिअरिंग जड झालं. मागून ट्रक येत होता. मुलानं प्रसंगावधान राखलं, वेग होता तेवढ्यात गाडी डावीकडं घेतली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, ही महाराजांची कृपा असं काकू म्हणतात आणि मी त्यावर काही बोलत नाही.

पुढचं मात्र टाळता आलं असतं. कडेला लागल्यावर पाच-सहा वेळा स्टार्टर मारला. गाडी लागेना, म्हणून धाब्यावरच्या पोरांनी धक्का दिला. शेवटी टो करून गाडी नागपूरला आणली. मेकॅनिकनं वरचं झाकण काढलं आणि म्हणाला, “बेल्ट तुटून राह्यला. आता हेड खोला लागते.” हेड उघडलं तर वॉल्व्ह वाकलेले, एका पिस्टनवर खूण पडलेली.

असं का झालं? अनेक इंजिनांत वॉल्व्ह आणि पिस्टन यांची जागा एकच असते. वॉल्व्ह खाली उतरतो तेव्हा पिस्टन खाली गेलेला असतो, पिस्टन वर येतो तेव्हा वॉल्व्ह वर गेलेला असतो. एकाच दारातून दोघं ये-जा करतात, फक्त वेळ वेगळी. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जिथं असेल तिथं थांबतो, काही वॉल्व्ह उघडेच राहतात. खालून पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतो. अशा इंजिनाला ‘इंटरफिअरन्स इंजिन’ म्हणतात. डिझेल इंजिनं जवळपास सगळी अशीच असतात. काही पेट्रोल इंजिनांत दोघांत पुरेसं अंतर असतं, तिथं नुसता नवा पट्टा घालून काम भागतं. आपली कोणती, हे मेकॅनिकला आधीच विचारून ठेवा.

आणि लक्षात ठेवा. चालत्या गाडीत इंजिन असं अचानक बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भराभर फिरतोय असं वाटलं तर पट्टा गेल्याची शंका घ्या. धक्का तर अजिबात मारू नका. प्रत्येक धक्क्यानं पिस्टन वर येतो आणि आणखी वॉल्व्ह वाकवतो. ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो, त्यामुळं इंजिन बंद झाल्यावर पहिले एक-दोन ब्रेकच नीट लागतात, नंतर पेडल दगडासारखं होतं. म्हणून ब्रेक पंप करू नका. एकदाच, हळूहळू, सलग दाबत गाडी कडेला घ्या. इंडिकेटर लावा, माणसं गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभी करा, मग फोन करा. आता समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. तिथं हे सगळं दहा सेकंदांत करावं लागेल.

पट्टा तपासतात कसा?

पहिला घोळ नावाचा आहे. लोक म्हणतात, “बेल्ट मागच्याच वर्षी बदलला.” कोणता? बाहेर दिसतो तो फॅन बेल्ट किंवा अल्टरनेटरचा बेल्ट. सकाळी गाडी चालू करताना चीं-चीं करतो तो सहसा तोच. टायमिंग बेल्ट इंजिनाच्या बाजूला प्लॅस्टिकच्या झाकणाच्या आत असतो. बिलावर नुसतं ‘बेल्ट’ लिहिलं असेल तर विचारून खात्री करा.

तपासताना इंजिन पूर्ण थंड पाहिजे, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चावी खिशात. वरचं झाकण बहुतेक गाड्यांत चार-सहा बोल्टवर असतं. ते काढलं की पट्ट्याचा वरचा भाग दिसतो. पूर्ण पट्टा बघायचा तर क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं, त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनंच हळूहळू फिरवावं लागतं. हे काम मेकॅनिकला करू द्या. तुम्ही बाजूला टॉर्च धरून उभे राहा आणि या गोष्टी बघा.

एक, पाठ. ती काचेसारखी चमकते का? नखानं दाबल्यावर जराही दबत नसेल तर रबर कडक झालं.

दोन, तडे. पाठीवर आणि विशेषतः दातांच्या मुळाशी. बारीक रेघ दिसली तरी पट्टा संपला.

तीन, दात. झिजून गोल झालेले, एखादा तुटलेला, किंवा दातावरचं कापड जाऊन खालचं रबर उघडं पडलेलं.

चार, कडा. दोरे सुटलेले दिसले तर पुली सरळ रेषेत नाही किंवा टेन्शनरचं बेअरिंग गेलं. नुसता पट्टा बदलला तर नवाही तसाच जाईल.

पाच, ओल. पट्ट्यावर तेल दिसलं तर कॅम किंवा क्रँकचं ऑइल सील गळतंय. पाणी दिसलं तर वॉटर पंप. तेल रबराला खातं. आधी गळती थांबवायची, मग नवा पट्टा घालायचा. पुसून पुन्हा तोच लावायचा नाही.

यातलं काहीही दिसलं तर वर्षं-किलोमीटर न मोजता बदला. पण उलटं खरं नाही, हे नीट ऐका. आजकालच्या पट्ट्यांचं रबर जुन्यापेक्षा चांगलं आहे. ते शेवटपर्यंत छान काळं-कुळकुळीत दिसू शकतं आणि आतले दोर थकलेले असतात. दोर आपल्याला दिसत नाहीत. त्यामुळं वर्षं भरली असतील तर “दिसायला तर चांगला आहे” या वाक्यावर थांबू नका. टोयोटाच्या काही डिझेल गाड्यांत डॅशबोर्डवर बेल्टचा दिवा लागतो. तो दिवासुद्धा पट्टा बघत नाही, फक्त किलोमीटर मोजतो.

बदलताना काय बघायचं?

काम मेकॅनिक करेल, पण मालकाला माहिती असली की काम वेगळं होतं. एक नंबरचा पिस्टन वरच्या टोकाला आणतात आणि क्रँक व कॅमच्या पुलीवरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांशी जुळवतात. मग टेन्शनर सैल करून जुना पट्टा काढतात. नवा पट्टा घालेपर्यंत दोन्ही पुल्या जागच्या हलू द्यायच्या नाहीत. काही डिझेल इंजिनांत हाच पट्टा डिझेल पंपही फिरवतो, तिथं पुल्या पकडून ठेवायच्या खास पिना लागतात. त्या ज्या गॅरेजकडं आहेत तिथंच ते काम द्या.

नुसता पट्टा घेऊ नका, किट घ्या. त्यात टेन्शनर आणि आयडलर येतात. ही छोटी बेअरिंगं पट्ट्याइतकीच म्हातारी झालेली असतात आणि एक जाम झालं की नव्या पट्ट्याला तोडतं. ज्या गाडीत वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरतो तिथं पंपही सोबत बदलणं शहाणपणाचं. नाहीतर वर्षभरानं पंप गळला की तीच सगळी मजुरी पुन्हा.

नवा पट्टा मुडपायचा नाही, उलटा करायचा नाही, त्याला तेल-ग्रीस लावायचं नाही. बाणाची खूण असेल तर बाण इंजिन फिरतं त्या दिशेनं. ताण पुस्तकात दिलाय तेवढाच. जास्त ताणला तर गुणगुणतो आणि बेअरिंग खातो, सैल राहिला तर एखादा दात उडी मारतो. मग गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडतं, इंजिनाचा दिवा लागतो आणि सगळे पेट्रोलला दोष देतात.

सगळ्यात महत्त्वाचं आता. चावी लावण्याआधी इंजिन पान्यानं, हातानं, पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं. मध्ये कुठं अडलं तर जोर न लावता थांबायचं. या दोन फेऱ्यांना पाच मिनिटं लागतात. तुम्ही तिथं उभे राहा आणि “दोन फेरे मारून दाखवा ना भाऊ” असं प्रेमानं म्हणा. चांगला मेकॅनिक रागावत नाही, उलट चहा मागवतो.

निघताना तीन गोष्टी मागून घ्या. जुना पट्टा, किटचा रिकामा डबा, आणि बिलावर तारीख व मीटरचा आकडा. तोच आकडा कागदावर लिहून बोनेटच्या आत चिकटवा.

खर्चाचं म्हणाल तर पट्टा-किटचं काम आपल्या रोजच्या गाड्यांत काही हजारांत होतं. हेड उघडावं लागलं तर त्याच्या कितीतरी पट. आपण सोसायटीत सिंकिंग फंड काढतो तो कशासाठी? इमारत पडल्यावर पैसे शोधायला लागू नयेत म्हणून. समजा सहा हजार रुपये लागले आणि पट्टा पाच वर्षं वापरला, तर महिन्याला शंभर रुपये झाले. लिफ्टचा दोर आपण तुटायची वाट बघत नाही, वर्षाला तपासून घेतो. गाडीतही आपलीच माणसं बसतात.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: आमच्या गाडीत चेन आहे. म्हणजे निश्चिंत?

उत्तर: बऱ्याच अंशी. चेनला ठरावीक मुदत सहसा नसते, पण ती इंजिन ऑइलवर जगते. ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन ढिली होते आणि सकाळी गाडी चालू करताना खडखड वाजते. ती खडखड ऐकून दुर्लक्ष करू नका. काही इंजिनांत, उदाहरणार्थ फोर्ड इकोस्पोर्टच्या १ लिटर इकोबूस्टमध्ये, पट्टा तेलातच फिरतो. तिथं पुस्तकात सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल घालणं फार महत्त्वाचं.

प्रश्न: सेकंडहँड गाडी घेतली आहे. आधीच्या मालकानं “बदललाय” असं सांगितलं.

उत्तर: बिल आहे का? असेल तर त्यावरची तारीख धरा. नसेल तर बदललेला नाही असं समजा आणि लांबच्या प्रवासाला जाण्याआधी बदलून घ्या.

प्रश्न: घरीच बदलता येईल का? मुलगा इंजिनिअर आहे.

उत्तर: मुलाला मेकॅनिकच्या बाजूला उभं करा, खूप शिकेल. एका दाताची चूक झाली तरी इंजिन बिघडतं, त्यामुळं पहिलाच प्रयोग आपल्या गाडीवर नको.

प्रश्न: गाडी महिना-महिना उभीच असते. तिचं काय करू?

उत्तर: दर आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटर नीट चालवा. नुसती जागेवर चालू ठेवू नका. आणि मुलं सुट्टीत येऊन ती गाडी शेगाव, पेंच, चिखलदऱ्याला नेणार असतील तर ती येण्याच्या महिनाभर आधी पट्ट्याची तारीख बघा. ऐन वेळी सांगितलं तर गॅरेजमध्ये जागा नसते.

जाता जाता समितीपुढं एक सूचना ठेवतो. पार्किंगच्या रजिस्टरमध्ये गाडी नंबरपुढं आपण स्टिकर नंबर लिहितोच. त्यात दोन रकाने वाढवूया: ‘बेल्ट की चेन’ आणि ‘शेवटचा केव्हा बदलला’. ज्यांना भरता येणार नाही त्यांच्यासाठी येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी ए विंगसमोर आहे. मी काही खोलणार नाही आणि पैसेही घेणार नाही. आपण पुस्तक बघू, जुनी बिलं बघू आणि तारीख काढू. येताना गाडीचं पुस्तक, असतील ती बिलं आणि वाचायचा चष्मा आणा. चष्मा मलाही लागतो.

चला, पोहे खाऊया.